लॅक्रोसच्या मैदानात कबड्डीवाली

"म्हण. मोठ्यांदा म्हण. कबड्डी कबड्डी म्हणत ग्राउंडला एक राउंड मार," खेळाचे सर म्हणाले.

मी नववीत होते. मालवणजवळच्या आमच्या शाळेत लॅक्रोस नवीनच आला होता. हातात स्टिक, तिच्या टोकाला जाळी, जाळीत रबरी चेंडू. दगडासारखा टणक. तो समोरच्यांच्या गोलमध्ये मारायचा. पहिलीच सराव मॅच. चेंडू घेऊन मी मधली रेषा ओलांडली, समोरच्या पोरीला हुलकावणी दिली, तिच्या खांद्याला हात लावला आणि वळून जीव खाऊन आपल्याच बाजूला पळत आले. कबड्डीत गडी बाद केला की असंच परत यायचं असतं ना! पायांना तेवढंच ठाऊक. पोरी खो खो हसल्या. मलाही हसू आलं असतं. पण सर हसत नव्हते.

मी धावले. "कबड्डी, कबड्डी..." आवाज फुटेना.

"ऐकू येत नाही!" सर ओरडले.

राउंड संपला तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या वाडीतल्या पोरींना मळ्यात लोळायचीच सवय. हा सभ्य लोकांचा खेळ आहे. सोमवारी सगळ्यांसमोर सांगायचं, कबड्डी सोडली म्हणून. नाहीतर जिल्ह्याच्या टीममधून नाव कट."

मला ती टीम हवी होती. आमच्या वाडीतली एकही पोरगी तोवर जिल्ह्यासाठी कुठलाच खेळ खेळली नव्हती.

आणि रिया? बीचवरच्या रिसॉर्टवाल्यांची मुलगी, आमच्याच टीममधली. ती सकाळी पोहायला जायची, संध्याकाळी बॅडमिंटन. तिच्याबद्दल सर पालकसभेत म्हणाले होते, "वेगवेगळे खेळ खेळल्याने मूल तयार होतं. खांदा मोकळा होतो, नजर बसते." आईच्या शेजारी बसून मी ऐकलं होतं. म्हणजे तिचं पोहणं ती तयारी. माझी कबड्डी ते लोळणं. वा रे न्याय!

सोमवारपर्यंत अन्न गोड लागलं नाही. सरांची भीती. शिट्टीची भीती. त्या चेंडूचीसुद्धा. तो अंगावर आला की मी डोळे मिटायचे. पण दोघीतिघी घेरायला आल्या की माझं अंग आपोआप खाली बसायचं. मी त्यांच्या पायांकडे बघायचे आणि फटीतून निसटायचे. हे लॅक्रोसने नव्हतं शिकवलं. कापणी झालेल्या मळ्यात वाडीतल्या पोरींनी पाय धरधरून शिकवलं होतं. धावताधावता वळायला खो-खोने शिकवलं. ते सगळं सोडलं तर माझ्याकडे उरत होतं काय? मिटलेले डोळे.

आई काजू फॅक्टरीतून आली. तिला सांगितलं.

"सांगान टाक गो, सोडलंय म्हणान. मोठ्यांच्या नादाक लागू नको," ती म्हणाली. काजूच्या तेलाने काळे पडलेले हात ती पदराला पुसत राहिली. मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली.

सोमवारी सर्वांना रांगेत उभं केलं. मला पुढे.

"बोल."

इथेच लघवी होईल असं वाटलं. तोंड उघडलं आणि शाळेतली मराठी कुठच्या कुठे पळाली.

"सर, कबड्डी मी सोडूचंय नाय. रिया पवाक जाता ता चलता, मगे माझी कबड्डी कित्याक नाय?"

कुणी हसलं नाही. रिया खाली बघत होती.

"स्टिक ठेव. चालती हो."

ठेवली. टीम माझ्याशिवाय गेली. वाडीत बायका आईला म्हणाल्या, पोरगी फार शहाणी झाली.

आता मी अकरावीत आहे. कॉलेजात पुन्हा स्टिक मिळाली. संध्याकाळी मळ्यात कबड्डी सुरूच आहे. चेंडू आला की हल्ली डोळे उघडे राहतात. या वर्षी जिल्ह्याची निवड चाचणी आहे, आणि निवडायला तेच सर बसणार आहेत. त्यांच्यासमोर उभं राहायची भीती अजून गेलेली नाही.

तरी जाणार. कुठले खेळ खेळतेस विचारलं, तर कबड्डीचं नाव पहिलं घेणार. त्यांनी पुन्हा काढलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच समोर जाऊन उभी राहणार.