मोतीचे दात घासायचेच!

मंडळी, आज सकाळी आमच्या नेरच्या घरात माझा एक हट्ट अर्धा पुरा झाला.

आमचा कुत्रा मोती नऊ वर्षांचा. त्याच्या तोंडाचा इतका वास यायचा की मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "याले वावरात नेऊन बांध." मी साफ नाही म्हटलं आणि त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. हिरड्या सुजल्या होत्या. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, "सूज उतरली की रोज दात घासा. पण आपली टूथपेस्ट नको, कुत्र्यांचीच आणा."

सूज उतरली, पण पुढचे सहा दिवस मोतीनं तोंडाला हात लावू दिला नाही. मामाजी खाटेवरून म्हणायचे, "कायले मेहनत करून राह्यली?"

आज ब्रश लागताच मोती कळवळला. मामाजी उठून आले. "भेते तो, पोरी. माही दाढ दुखे तवा मीबी कोनाले हात लावू देत नव्हतो." त्यांनी मोतीचं डोकं मांडीवर घेतलं. मी ब्रश ठेवून बोटाला ओला कपडा गुंडाळला आणि हळूहळू एक बाजू पुसून काढली.

"उद्या चहा झाला का मले आवाज दे," मामाजी म्हणाले. "दुसरी बाजू राह्यली."

वास अजून आहे. मीही थांबणार नाही.

तुमच्या कुत्र्याचा ओठ उचलून दात कधी पाहिलेत का? आज पाहा.