सुभेदाराची भूक

गावात सुभेदार धनाजीला भूक लागलेली कुणाला चालत नसे.

डोक्यावर पलटणीची टोपी घालून तो कुणाच्या ओसरीवर टेकला आणि सहज जरी म्हणाला, की वयनी, भाकरी झाली का, तर चुलीपुढच्या बाईचा हात परातीतच थांबायचा. म्हणून त्यानं ओसऱ्यांवर टेकणंच सोडलं होतं. बायको वारल्यापासून तो घरीच काहीतरी शिजवून खाई आणि कालव्याच्या कडेनं, गावाला वळसा घालून एसटीच्या थांब्यावर येऊन बसे. कुणाला त्याच्याशी काम असलं तर तो माणूस थांब्यावर येई. त्याला घरी बोलवत नसत.

कोरेगावच्या पुढं, वसना नदीच्या काठावरचं हे गाव. चहूकडं ऊस, आणि घराआड एक माणूस फौजेत. धनाजी माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, म्हणजे सगळी कामं त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती. विधवांना साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं, कॅन्टीनच्या रांगेत उभं राहायचं, कुणाचं पेन्शन अडलं तर बँकेत जाऊन बसायचं. ही कामं लोकांना आवडत. पण आणखी एक काम होतं. तिकडं सरहद्दीवर कुणी जिवानिशी गेला, की पलटणीचा फोन आधी धनाजीला येई. गाड्या, फुलं, पुढारी नंतर. आधी त्या घरात जायचं ते धनाजीनं.

पहिल्यांदा हे काम अंगावर आलं तेव्हा मनुबाईचा गुंडा बर्फात गेला होता. मनुबाई भांगलणीवरून नुकतीच आली होती, पायांना चिखल तसाच. धनाजी उंबऱ्यात ताठ उभा राहिला आणि वरच्या साहेबाला खबर द्यावी तसं सांगून मोकळा झाला. तिकडं हवा बिघडली, विमान उडेना, पेटी यायला फार वेळ गेला. बाई सकाळची उपाशी होती, ती तशीच राहिली. पेटी आली तेव्हा सगळ्या गर्दीसमोर ती जी कोसळली ती नंतर उठली, पण पुरती कधीच उठली नाही.

तेव्हापासून धनाजीनं एक रीत ठरवून घेतली. आधी घर जेवलं पाहिजे. मग शब्द. तो जाऊन भाकरी मागे. पाहुण्याला वाढायचं म्हणून चूल पेटे, आग्रह करकरून तो घरच्यांना बरोबर बसवी, आणि ताटं सरली की सांगे. कारण त्यानंतर त्या घरात चूल कधी पेटेल, हे कुणाच्या हातात नसे.

पण धनाजीला खोटं बोलता येत नसे. ते काम ज्ञानूचं.

ज्ञानू त्याचा लहानपणापासूनचा सोबती. भरतीला दोघं एकदमच गेले होते. धनाजी निवडला गेला आणि ज्ञानूची छाती भरली नाही म्हणून त्याला माघारी धाडलं. तो ऊस करत राहिला, पण धनाजी पेन्शनीवर आल्यावर अशा प्रत्येक घरात त्याच्याबरोबर गेला. कुणी शंका घेतली, की ज्ञानू हसत म्हणे, ‘‘आगं, आत्ताच फोन आलता. हाताला जरासं लागलंय, बाकी पोरगं खुशाल हाय. तू जेव आधी.’’ आणि बाई जेवे.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. सुभेदाराची भूक म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालं.

मग ज्ञानूचा जयराज भरती झाला. त्याची गाडी गेली त्याच दिवशी ज्ञानूची बायको मंगल थांब्यावर आली. ‘‘भावजी, राग मानू नका. जयराज पेन्शनीवर येस्तवर आमच्या उंबऱ्याला पाय लावू नका. आला, की मग रोज या. मी सोता वाढीन.’’

धनाजी म्हणाला, ‘‘बरं.’’

वर्षं गेली. दोघं सोबती थांब्यावरच्या बाकावर भेटत, एकाच पुडीतली तंबाखू मळत. गावात धनाजी मोकळेपणानं जेवे ते एकाच ठिकाणी, हरणाबाईकडं. तिचा नवरा तिकडंच गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हतं. साताऱ्याच्या एसटीत ती बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणायची, ‘‘सुभेदार, मला कशाचं भ्या? माझ्या घरची खबर तुमी कवाच दिलीया. या, खुशाल जेवा.’’ बायका पदर तोंडाला लावून हसत आणि मग खिडकीबाहेर बघत बसत.

या थंडीत ज्ञानूच्या छातीत पाणी झालं. साताऱ्याहून परत आणला तेव्हा डॉक्टरांनी मंगलला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. ज्ञानूला कुणी सांगितलं नाही, पण त्यानं ओळखलं. त्याला एसटीतून उतरवून थांब्यावर टेकवलं, तेव्हा धापा टाकत तो म्हणाला, ‘‘धन्या, आमची आई शेंगोळी करायची, आठवतंय का?’’

‘‘हुलग्याची. तू माझ्या ताटातली पळवायचास.’’

‘‘एकदा एका जागी बसून खाऊ, गड्या. माझ्या घरात. ह्या बाकावर न्हाई.’’

मंगल मागं पिशवी घेऊन उभी होती. तिनं तोंड फिरवलं. पण घरी गेल्यावर ज्ञानूनं खाणंच टाकलं. पेज दिली तर तोंड मिटून घेई आणि म्हणे, धन्या आल्यावर. शेवटी तिनं धनाजीला गाठलं. डोळे खाली ठेवून म्हणाली, ‘‘बुधवारी दुपारी या. ती टोपी घालू नका. आन् पुढनं येऊ नका, आळीत बाया बसत्यात. मागल्या दारानं या.’’

धनाजीनं त्या दिवशी पलटणीची टोपी खुंटीलाच राहू दिली. उसाच्या सरीतून, गोठ्याच्या अंगानं तो मागच्या दारी आला. चोरासारखा येतोय असं त्याला वाटलं, आणि तरीही पोटात लहानपणची भूक लागली होती. घरात हुलग्याचा आणि लसणाचा वास भरला होता. धूर कोंडला होता. मंगल चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसत होती.

ज्ञानू झोपला होता. सकाळी त्याला सांगून ठेवलं होतं, तो हसलाही होता. पण मग ताप चढला आणि औषधानं डोळा लागला. मंगलनं खाटेजवळ दोन ताटं मांडली. धनाजी खाली बसला आणि त्यानं ज्ञानूच्या हाताला हात लावला.

‘‘ज्ञानू, ऊठ. दोन घास खाऊ.’’

ज्ञानूनं डोळे उघडले. आधी दुखवट्याला आल्यासारखा बोडक्या डोक्याचा धनाजी दिसला. मग वाढलेली ताटं. मग डोळे पुसणारी बायको. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश उतरत गेलं, विहिरीतलं पाणी उतरत जातं तसं.

‘‘कवा?’’ तो म्हणाला.

‘‘कवा काय रं?’’

‘‘फोन कवा आला?’’

धनाजीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो खाटेवर जवळजवळ आडवा झाला. ‘‘न्हाई रं! तूच बोलावलंस न्हवं मला? शेंगोळी खायाला! जयराज खुशाल हाय!’’

‘‘व्हय,’’ ज्ञानू म्हणाला. ‘‘हाताला जरासं लागलं आसंल.’’

मंगलनं देवाची शपथ घेतली. धनाजीनं मेलेल्या बायकोची घेतली. ज्ञानू छताकडं बघत राहिला. जयराज होता त्या ठाण्यावर मोबाइल लागत नसे, फक्त पलटणीच्या फोनवरून बोलता येई. धनाजी दुपारभर गोठ्यात उभा राहून नंबर फिरवत होता. दिवस मावळता मावळता जयराजचा आवाज आला. मंगलनं धावत नेऊन फोन ज्ञानूच्या कानाला लावला.

‘‘दादा, मी जयराज. बरा हाय मी. औषध घेताय न्हवं?’’

ज्ञानूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन बाजूला सारला आणि धनाजीला म्हणाला, ‘‘आवाज चांगला काढतोय. कोन हाय त्यो?’’

‘‘ज्ञानू, आरं तुझा पोरगा हाय.’’

‘‘मीच शिकीवलंय तुला हे, धन्या. मला नगं सांगू.’’

त्यानंतर तो कुणाशी भांडला नाही. रडलाही नाही. फक्त त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही, ना घासाला ना बोलण्याला. शेंगोळी मंगलनं म्हशीपुढं ओतली. पुढच्या सोमवारी, पहाटे कधीतरी, ज्ञानू गेला.

धनाजी या खेपेला पुढच्या दारानं आला. आळीतल्या बायका वाट सोडून भिंतीला लागल्या. मंगल मधल्या खांबाला टेकून बसली होती. तिनं त्याला बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘पोराला कळवा. तुमालाच जमतं ते.’’

धनाजीनं पलटणीला फोन लावला. पलीकडचा सुभेदार जतकडचा निघाला. धनाजी त्याला म्हणाला, ‘‘साहेब, बाप लय आजारी हाय, एवढंच सांगा. वाटंत एकटा आसंल त्यो. आन् सोडायच्या आधी लंगरात जेवू घाला.’’ तो माणूस जरा थांबून म्हणाला, ‘‘व्हय, उस्ताद.’’

ज्ञानूच्या चुलतभावाच्या पोरानं अग्नी दिला. राख सावडायची तेवढी जयराजसाठी ठेवली.

पुण्याला गाडी बदलून तो लोणंदला उतरणार होता. धनाजी भावकीतली जीप घेऊन गेला. स्टेशनाबाहेर कांद्याचे ट्रक उभे होते, ऊन पांढरं पडलं होतं, वाऱ्यावर कांद्याची सालपटं उडत होती. त्याला वाटत होतं, गाडी चुकावी. गाडी वेळेवर आली.

जयराज खांद्यावर पिठ्ठूची फौजी पिशवी आणि हातात काळी ट्रंक घेऊन उतरला. गालांची कातडी थंडीनं जळलेली. हाडापेरानं तो थेट ज्ञानूच होता, फक्त छाती भरलेली. त्यानं वाकून पाया पडून विचारलं, ‘‘आबा, दादा कसं हायत?’’

धनाजीनं उत्तर तयार ठेवलं होतं, गावात गेल्यावर सांगायचं, तोवर बरं आहे म्हणायचं. पण खोटं बोलणारा आता बरोबर नव्हता. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच, इतक्या वर्षांच्या सवयीचं.

‘‘चल. आधी चार घास खाऊन घे.’’

जयराज जागच्या जागी उभा राहिला. तो त्याच गावचा पोरगा होता. ट्रंक त्याच्या हातून सुटली नाही, त्यानं ती हळूच खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि मुकाट्यानं धनाजीच्या मागून समोरच्या खानावळीत शिरला.

ताट आलं. भाकरी, झुणका, कांदा. जयराजनं हात धुतले, ताटापुढं बसला, पण भाकरीला हात लावला नाही. बराच वेळ तो धनाजीच्या डोक्यावरच्या टोपीकडं बघत होता.

‘‘आय फोनवर म्हणली हुती, तुमाला बुधवारी जेवायला बोलावलंय.’’

‘‘व्हय.’’

‘‘बसला का दोघं एका जागी?’’

‘‘न्हाई, बाळा. बसणं झालं न्हाई.’’

जयराजनं भाकरी मधोमध मोडली. अर्धी ताटाच्या त्या कडेला, धनाजीच्या बाजूला ठेवली.

‘‘मग बसा,’’ तो म्हणाला.

आजवर धनाजी कितीतरी घरांत ताटावर बसला होता आणि एकही घास त्याच्या जिभेला लागला नव्हता. घास नुसता फिरवत तो समोरच्यांची ताटं कधी सरतात ते बघत राही. आज त्यानं टोपी काढून बाकावर ठेवली आणि तुकडा मोडला. झुणक्यात मीठ जास्त पडलं होतं, तेही त्याला कळलं. समोर पोरगा खाली मान घालून चावत होता, चावता चावता त्याच्या नाकाडोळ्यातून पाणी गळत होतं, पण तो थांबत नव्हता. ताट संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

‘‘आणखी भाकरी आणू का?’’ खानावळवाल्यानं विचारलं.

‘‘आण,’’ धनाजी म्हणाला.