गांडूळबाई

बालवाडीच्या बाईंना सगळे लाडाने गांडूळबाई म्हणत. रोज त्या मुलांना मागच्या अंगणात नेत, ओली माती उकरत आणि एकेका चिमुकल्या तळहातावर गांडूळ ठेवत. "हळू हं, त्याला गुदगुल्या होतात!"

एकदा एका मुलीला ताप आला. तो मातीमुळेच आला, असं तिच्या आईच्या मनाने घेतलं. ती तणतणत शाळेत आली. "शिकायला पाठवते मी, चिखलात लोळायला नाही!"

आठवडाभरात मुख्याध्यापिकेने अंगणात फरशी घातली. बाई वर्गातच गांडुळाचं चित्र दाखवू लागल्या.

मुलगी बरी होऊन परतली. चित्रावर बोट फिरवत तिने विचारलं, "बाई, हे हलत का नाही?"

"चित्र आहे ना बाळा," बाई म्हणाल्या. वर्ष संपलं, तशी त्यांनी नोकरी सोडली.