बक्कल नंबर चारशे सतरा

मी बी.ए. आहे. आमच्या घरातली पहिली. लोणखेड्याच्या कॉलेजात रोज सायकलने जाऊन शिकले. अंगात येणं, उतारे असल्या गोष्टींना मी तोंडावर हसायचे... पण हे अख्ख्या गावाने पाहिलंय, म्हणून लिहिते.

माझे आजोबा दौलत पाटील, आमचे आबा, गुजरात पोलिसात जमादार होते. एकाहत्तरच्या युद्धात, ते नेमणुकीला होते त्या किनाऱ्यावरच्या गावावर दोनदा बॉम्ब पडले. दोन्ही वेळा कोसळलेल्या घरांखालून त्यांनी जिवंत माणसं उपसून काढली. त्याची दोन शौर्यपदकं मिळाली. आबा वारले तेव्हा आमचे भाऊबंद आप्पा 'शाळेत पोरांना दाखवतो' म्हणून ती घेऊन गेले, ती गेलीच. कारण आप्पांचे वडीलही गुजरात पोलिसात, आणि नावही तेच — दौलत पाटील! ते मात्र जन्मभर मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप सांभाळत बसले. माझे वडील कितीदा मागायला गेले, चहा पिऊन खाली मान घालून परत आले.

यंदा प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या नव्या गेटवर 'शौर्यवीर दौलत पाटील' नाव लागणार होतं. फोटो आप्पांच्या वडिलांचा. आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले.

"आप्पा, पदकाच्या कडेला बक्कल नंबर कोरलाय. चारशे सतरा. आमच्या आबांचा. वाचून दाखवू?"

"दोन बुकं शिकनी ते आम्हले शिकाडस का, पोरी?" आप्पा हसले. "तुन्हा बापले धाड. तो ते बोलतच नही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, झेंडावंदन झालं. आप्पांनी दोन्ही पदकं छातीवर लावली, माइक धरला. "मन्हा बापनी..." एवढंच बोलले आणि ठसका लागला. तोंडातून पांढरी-तांबडी पूड पडली. विटा आणि चुन्याची. मग खाली बसले, दोन्ही हात अंगाला चिकटलेले, जणू कुठे चेपलेत.

"दम कोंडी ऱ्हायना... माले बाहेर काढा रे!"

उघडं मैदान, वारा सुटलेला. चौघांनी उचलायला पाहिलं — हलेनात. माझे वडील मागच्या रांगेतून ओरडले, "पोरी, ते बिल्ले काढ!"

मी स्टेजवर गेले. पिन बोटांत धरली. आणि थांबले.

"पहिले सांग आप्पा, ह्या बिल्ला कोना शेतस?"

"तुन्हा... आजाना..."

"माइकवर सांग. बक्कल नंबरसंगे."

"चारशे सतरा! तुन्हा आजाना शेतस! काढ ना वं माय!"

पदकं काढली, तसा त्यांना श्वास आला. स्टेजवर ओंजळभर पूड पडली होती. शाळा सिमेंटची आहे, आसपास चुन्याची भिंत नाही. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, दमा आहे. पुडीचं विचारलं तर त्यांनी विषयच बदलला.

आता गेटवर आबांचा फोटो आहे. वडील रोज मुद्दाम त्या रस्त्याने शेतात जातात. आबा आले होते का, असं लोक विचारतात. मला माहीत नाही.

माझ्यापुरतं मात्र माहीत आहे. पिन माझ्या बोटांत होती, तो माणूस तडफडत होता, आणि मी त्याच्याकडून नंबर वदवून घेतला. ढिगाऱ्याखालच्या माणसाला आबांनी असं थांबवून ठेवलं नसतं.

मी थांबवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांबवेन.