तो ठेच्याचा धूर होता

आसेगावच्या फाट्यावर एसटी उभी होती आणि माय माझ्या पिशवीत हिरव्या मिरच्या कोंबत होती. कंडक्टर वैतागला, "ओ मावशी, चढू द्या ना पोरीले!" ती कसली ऐकते. "थांब ना बाप्पा. दिल्लीच्या मिरच्या फिक्क्या असतेत म्हने." बाबा मागे उभे होते. ते एवढंच बोलले, "तिकडं जाऊन लय शहानी होऊ नको." अशी मी गाव सोडून निघाले. पुढे दर खेपेला मिरच्या सोबत आल्याच.

तुम्ही जे गावात राहिलात, ते दर वेळी विचारता, तू दिल्लीत नेमकं करते काय? आणि तुम्ही जे पुण्याला, दुबईला गेलात, ते विचारतही नाही, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे दाखवता. तर आज सांगते, कारण माझं डोकं फिरलंय.

मी एका संस्थेत होते. ज्या पोरापोरींना कुठलाच देश आपलं म्हणत नाही, त्यांच्यासोबत फोटोचं काम. त्यांचे आईबाप जीव घेऊन पळून आले. तिकडच्या सरकारनं नावं खोडली, इकडच्यानं लिहिली नाहीत. भंगाराच्या गोदामामागे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांचे फोटो मी काढत नव्हते. कॅमेरा त्यांच्या हातात, कोणता फोटो दाखवायचा ते त्यांनीच ठरवायचं, खालची ओळही त्यांचीच. आणि एक बोली पहिल्या दिवसापासून पक्की होती: ज्याला चेहरा नको, त्याचा चेहरा कुठंच लागणार नाही. हे नखरे नव्हते हो. चेहरा ओळखला गेला की खोलीमालक हाकलतो, कधी पोलीस उचलून नेतात.

त्यातली नूरी सतरा-अठराची. तिनं आल्याआल्या सांगितलं, चेहरा नको. तिचा आवडता फोटो होता दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा. खाली ओळ लिहिली, "हमारे घर के सब लोग हाज़िर हैं." मी इतकी वर्षं कॅमेरा धरून बसले, पण मला असं काही सुचलं नव्हतं.

एकदा तिच्या खोलीत मी ठेचा करायला बसले. तव्यावर तेल टाकलं, मायच्या मिरच्या परतल्या. आपल्याकडं चूल अंगणात, धूर जातो आभाळात. त्या खोलीला खिडकीच नाही, हे माझ्या वऱ्हाडी टाळक्यात शिरलंच नाही! सगळे ठसकायला लागले. नूरीच्या डोळ्यांतून धारा, नाक लाल, आणि बाई हसून हसून लोळतेय. "दीदी, मार डालोगी क्या?" तिच्या मैत्रिणीनं तेवढ्यात तिचा फोटो घेतला. नूरीनं पाहिला आणि म्हणाली, "ये कहीं मत दिखाना, बंदरिया लग रही हूँ." मग आम्ही पोटभर जेवलो. तो फोटो बाकीच्यांसोबत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हॉलवर पोचले तर दारातच नूरीचा तो फोटो. माणसाहून उंच. नुसता चेहरा, हसणारं तोंड खालून कापलेलं, फक्त ओले डोळे. खाली मोठ्या अक्षरांत: "अश्रूंना देश नसतो."

छी! आत माणसं पनीर टिक्का चघळत फिरत होती. हातमागाची साडी नेसलेली एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "काय वेदना आहे हो डोळ्यांत!" मी म्हटलं, "बाई, वेदना नाही, मिरची आहे ती." तिला तो विनोद वाटला. आमच्या संचालिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तपशिलात नको शिरूस. लोक हेलावतायत ना?" हेलावतायत कसले, प्लेट भरून घेतायत! कपड्यांच्या दोरीचा फोटो मागच्या भिंतीवर, बाथरूमकडं जायच्या वाटेवर होता.

नूरीचा फोन आला, "दीदी, उतरवा दो ना." मी संचालिकांना सांगितलं, भांडले, हातापाया पडले. "छापून झालंय, पेपरातही आलंय, आता काय उपयोग," एवढंच उत्तर. ती रोज फोन करायची, रोज तेच म्हणायची. मग खोलीमालकानं पेपर पाहिला. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि दोरीवर एकही कपडा नव्हता. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे. पोस्टर मात्र प्रदर्शन संपेपर्यंत दिमाखात लटकत राहिलं. मी राजीनामा संचालिकांच्या तोंडावर फेकला आणि गावच्या गाडीत बसले.

घरात पाऊल टाकलं तर बैठकीच्या भिंतीवर, चौकटीत, नूरी. आपल्याकडच्या पेपरातलं कात्रण, खाली माझ्या संस्थेचं नाव. माय कौतुकानं सांगत होती, "माह्या पोरीचं काम व्हय हे, येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवत राह्यते मी."

"माय, काढ तो."

"काहून वं? इतका चांगला तं हाये."

"त्या पोरीले नको व्हता."

मायनं ती कोण, कुठली, कोणत्या जातीची, काही विचारलं नाही. "नको व्हता तिले? मंग आधी नाही सांगाव?" एवढं म्हणून स्टूल ओढलं, फोटो उतरवला, चौकटीतून काढून चुलीत घातला आणि पुन्हा स्टुलावर चढून खिळाही उपटला.

गावात राहिलेल्यांनो, निघून गेलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं हे आता मला कळतं. जिथं कोणी 'नको' म्हटलं की तेवढं पुरतं, ते घर.

नूरी, तू कुठं आहेस मला ठाऊक नाही. आसेगावातला तुझा फोटो उतरवलाय.