परक्या फोनातली डिग्री

माझी डिग्री कुठवर आली हे मला कधी थेट कळायचंच नाही. आधी कळायचं ते रिसोडच्या एका ऑनलाइन सेंटरवाल्याला. आमच्या केनवडच्या निम्म्या पोरींचे प्रवेशाचे फॉर्म त्यानेच भरले आणि मोबाईल नंबरच्या जागी सगळ्यांना स्वतःचाच नंबर ठोकून दिला. त्यामुळे विद्यापीठाच्या साइटवर आपले निघालेले-राहिलेले पेपर बघायचे, तर ओटीपी त्याच्या फोनवर. जीप धरा, रिसोड गाठा, आणि साहेबांचा चहा संपेपर्यंत बाकावर बसा. एवढा रुबाब आमच्या प्राचार्यांचाही नव्हता!

आणि मी तरी कोणती लय शहाणी? त्याने विचारलं होतं, "घरचा नंबर टाकू का वं?"

"नको, तुमचाच टाका." हे मीच म्हटलं. घरी एकच मोबाईल, तोही वडिलांच्या खिशात. त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच बजावलं होतं, "एक विषय जरी गेला ना, तर पुस्तकं गुंडाळायची अन् घरी बसायचं." निकाल त्या खिशात पडायला नको होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे मावशीचा जुना फोन मला मिळाला, तरी नंबर बदलायचा मी कंटाळा केला.

तिसऱ्या सेमिस्टरला अर्थशास्त्र गेलं. घरी सांगितलं, "सगळं निघालं." वडिलांनी मान हलवली. आई म्हणाली, "मंग झालं का वं एकदाचं?" तीन वर्षं तिचा हाच एक प्रश्न.

शेवटच्या वर्षी, त्या राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले असताना मी सेंटरवर गेले, तर महाशय म्हणतात, "आता नाई येत ओटीपी. थो नंबर सोडला म्या, चार महिने झाले. नवं सिम घेतलं, डेटा लय भेटते."

"अन् आमचं काय?"

"कॉलेजात विचारा ना."

कॉलेजातला बाबू त्याचाच भाऊबंद. मान वर न करता म्हणाला, "नंबर बदलाचा अर्ज द्या. थो विद्यापीठात जाईन, मंग महिनाभर लागते." फॉर्म परवा बंद, आणि याचा महिना! पेपर हुकला की वर्ष जाणार, वर्ष गेलं की घरी सगळं उघडं पडणार आणि पुस्तकं गुंडाळली जाणार. रडू आलं होतं. पण त्या बाबूसमोर रडतं कोण!

स्टँडवर येऊन रागाच्या भरात तोच जुना नंबर लावला. वाजला. एका बाईने उचलला. बोलण्यावरून सातारा-कराडकडची वाटली. कंपनीने तो नंबर तिला दिला होता. मी माझं नाव सांगितलं.

"अर्थशास्त्र राहिलंय ती तूच का गं?"

मी गारच! घरात कुणाला माहीत नव्हतं ते हिला ठाऊक.

"तुम्हा सगळ्या पोरींचे मेसेज येतात बाई मला, नावासकट, राहिलेल्या विषयासकट. फॉर्म भर की, परवा शेवटची तारीख आहे."

तिथेच बाकावर साइट उघडली. तिने ओटीपी दोनदा वाचून दाखवला. फॉर्म भरून होईपर्यंत ती फोनवर थांबली. मग म्हणाली, "माझं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं. तुमचे मेसेज आले की वाचत बसते. तुझा निकाल लागला की बघेन हं."

मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या साइटवर तिचा नंबर काढून माझा टाकला. दोन मिनिटं लागली. बाबूचा महिना कुठे जातो कोण जाणे.

अर्थशास्त्र निघालं, डिग्री झाली. आईला सांगितलं, "झालं एकदाचं." सेंटरवाल्याला मी अजून चारचौघांत मोठ्याने नावं ठेवते. त्या बाईला मात्र फोन केला नाही. तिच्याकडे माझ्या निकालाचा शेवटचा मेसेज अर्थशास्त्र राहिल्याचाच. ती समजत असेल, ही पोरगी काही पास झाली नाही. नंबर आहे माझ्याजवळ. रोज वाटतं, उद्या लावू, अन् लावत नाही. त्या सेंटरवाल्याकडे आम्हाला वाऱ्यावर सोडायला निदान नव्या सिमचं कारण तरी होतं.