पुसलेला तारा

मॅडमच्या हातात काहीही गोल आलं की त्या ते बोटांवर फिरवायच्या. बहुतेक वेळा डाळिंब. माळशिरसच्या त्यांच्या मळ्यातली, व्यापाऱ्याने डाग बघून बाजूला काढलेली डाळिंबं त्या आम्हाला आणायच्या. "बघ, डाग समोर आला, उजेड उतरला. मागं गेला, चढला. एवढंच हाय."

एवढंच नव्हतं. तारा इतका लांब असतो की दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. फिरताना त्याचा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. तेवढ्यावरून त्याच्या अंगावरचे काळे डाग कुठे आहेत ते ओळखायचं. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत, गच्चीवरच्या लहान दुर्बिणीने, मॅडमनी एका ताऱ्याचा असा नकाशा केला. त्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. मी त्यांची प्रोजेक्टची विद्यार्थिनी. मी फारसं बोलत नसे, त्याचं त्यांना काही नव्हतं. "तारा तरी कुटं बोलतो?"

तपासणी समिती येणार होती. तिला नकाशा आवडला तर मॅडमना कायम करू, असं प्राचार्य म्हणाले होते. नकाशाचा मोठा फ्लेक्स करायला दिला. समितीच्या दिवशी सकाळी तो दारावर लागला. त्यावर नुसता गुळगुळीत नारिंगी गोळा. फ्लेक्सवाल्याने डाग पुसून टाकले होते. त्याचं मी समजू शकते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे पुढाऱ्यांचे चेहरे तो रोज असेच उजळतो. पण प्राचार्य? तेही भौतिकशास्त्राचेच.

"छान स्वच्छ दिसतंय की, मॅडम. पाहुण्यांना डाग कशाला दाखवायचे?"

मॅडमनी स्टूल आणलं, पक्क्या शाईचा काळा मार्कर घेतला आणि मला म्हणाल्या, "धर." मी स्टूल धरलं. समिती फाटकातून आत येत होती आणि त्या वर एकेक डाग त्याच्या जागी काढत होत्या. प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "उतरा आधी."

"एक राहिलाय, सर."

समितीतल्या एकाने विचारलं, हे काय? प्राचार्य म्हणाले, मुलांनी खराब केलंय. मॅडम तिथेच, मार्कर हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. समिती चहाला गेली.

पुढच्या वर्षी मॅडमच्या तासिका दुसऱ्याला दिल्या. शिस्त, म्हणे. आता त्या अकलूजला एका क्लासमध्ये बारावीला शिकवतात. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

तो फ्लेक्स कॉलेजच्या पार्किंगवर सावलीसाठी बांधलाय. गाडी लावताना कधी वर बघा. इथल्या उन्हाने नारिंगी रंग उडून गोळा पांढरा झालाय. डाग तेवढे आपापल्या जागी आहेत.